गोठ्यात टीबी निघाला आहे, उरलेल्या १८ जनावरांची तपासणी नेमकी कशी करून घ्यावी?

माळरान

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे मुरघास आणि मुक्त गोठ्याच्या धाग्यांवर वाचायला असतो. आज स्वतःचाच धागा काढावा लागतोय.

मागच्या आठवड्यात माझी एक संकरित गाय गेली. अडीच वर्षांपूर्वी बाजारातून दुसऱ्या वेताची आणली होती. पहिलं वर्ष १६ लिटरवर होती. मग खायची व्यवस्थित, पण अंगाला काही लागेना. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झाली. पहाटे उठवली की कोरडा खोकला, दोन-चार ठसके, आणि मग दिवसभर काही नाही. जंतनाशक झालं, गोचिडतापाचं इंजेक्शन झालं, गिळलेली तार-खिळा धरून ठेवायला लोहचुंबकही पोटात सोडून झाला. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस बरं वाटायचं. शेवटी दूध ५ लिटरवर आलं आणि एका सकाळी उठलीच नाही.

आमच्या डॉक्टरांनी पुरायच्या आधी शवविच्छेदन करायचा आग्रह धरला. फार बरं झालं. फुफ्फुसात सुपारीएवढ्या, काही अक्रोडाएवढ्या गाठी होत्या. त्यात सुरी घातली की वाळूवर फिरवल्यासारखा करकर आवाज यायचा. आत पिवळट, घट्ट, वाळलेल्या खरवसासारखं काहीतरी. दोन फुफ्फुसांच्या मधली रसग्रंथी माझ्या मुठीएवढी झाली होती. डॉक्टर काही न बोलता हातमोजे काढून उभे राहिले, आणि मला म्हणाले, 'आई कच्चं दूध पिते का?'

पिते. चाळीस वर्षं धारोष्ण पीत आली आहे.

नमुन्यात आम्लस्थायी जिवाणू (टीबीचा जिवाणू याच गटातला) दिसले असा प्राथमिक अहवाल आलाय, कल्चर, म्हणजे जिवाणू वाढवून ओळखायची तपासणी, लावलं आहे. गोठ्यात आता १३ गाई, ३ कालवडी, २ म्हशी उरल्या आहेत. रक्त तपासावं की दूध? सगळ्यांचं करावं की फक्त खोकणाऱ्यांचं? घरची माणसं, दुधाचं गिऱ्हाईक, काहीच सुचत नाही. जाणकारांनी लिहावं.

शेणसडा

दादा, फार वाईट वाटलं वाचून. आमच्याकडे दुधाची रिंग टेस्ट शिबिरात करतात, ती करून घ्या की. स्वस्तात होते.

जुनापशुवैद्य

शेणसडा, ती रिंग टेस्ट सांसर्गिक गर्भपातासाठी असते, म्हणजे ब्रुसेलोसिससाठी. तिचा टीबीशी काही संबंध नाही. हा गोंधळ गावोगाव आहे म्हणून आधी तेवढं सांगतो.

माळरान, आता तुमचं. तुमच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. आपल्याकडे गाय मेली की जेसीबी बोलावून खड्ड्यात, आणि रोग तसाच दावणीला बांधलेला राहतो. त्यांनी पोट फाडून पाहिलं म्हणून तुमच्या उरलेल्या जनावरांना संधी मिळाली.

पहिली गोष्ट मनात पक्की करा. तुम्हाला आता एकेका गाईचं निदान करायचं नाही, कळपाचं करायचं आहे. खोकणाऱ्या तेवढ्या तपासल्या तर काही हाती लागणार नाही. टीबी झालेलं जनावर पुष्कळदा वर्षानुवर्षं चकचकीत कातडीचं, भरल्या कासेचं असतं. १८ च्या १८ एकाच दिवशी तपासा, कालवडींसह.

चाचणी कातडीची. माणसांची मॉन्टू टेस्ट असते ना, तिचीच भावंडं. टीबीचा जिवाणू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉखने १८९० मध्ये ट्युबरक्युलिन, म्हणजे त्या जिवाणूचा अर्क, काढलं ते औषध म्हणून. औषध म्हणून ते फसलं, निदानासाठी मात्र आजही तेच वापरतो. मानेच्या मध्यावर दोन जागी केस काढायचे, एकाखाली एक, मध्ये चार-पाच इंच अंतर ठेवून. दोन्ही जागी कातडीची घडी चिमटीत धरून कॅलिपरने जाडी मोजायची आणि लिहून ठेवायची. मग वरच्या जागी पक्षीय (पक्ष्यांच्या टीबीच्या जिवाणूपासून केलेलं) ट्युबरक्युलिन ०.१ मिलि, खालच्या जागी गोवंशीय (गाईच्या टीबीच्या जिवाणूपासूनचं) ०.१ मिलि. सुई कातडीच्या *आत*, कातडीखाली नाही. बरोबर गेलं तर बोटाला मसुराच्या दाण्याएवढी गाठ लागते. लागली नाही तर ते इंजेक्शन फुकट गेलं, आणि 'निगेटिव्ह' म्हणून तुमची फसगत झाली. ७२ तासांनी त्याच माणसाने, त्याच कॅलिपरने पुन्हा मोजायचं. चौथ्या दिवशी सवडीने आलो तर चालेल, असं नसतं.

हिशेब असा: खालची वाढ वजा वरची वाढ. फरक ४ मिलिमीटरपेक्षा जास्त, तर बाधित. १ ते ४ मध्ये असेल तर संशयित. १ पेक्षा कमी किंवा वरचीच गाठ मोठी, तर निगेटिव्ह. मात्र तुमच्या गोठ्यात एक गाय मेलेली आहे. अशा कळपात आम्ही कसोटी कडक लावतो आणि संशयितालाही बाधितासारखं वेगळं काढतो.

तपासणीच्या दिवशी कोण कधी व्याली, कोणाला स्टिरॉइड दिलं होतं, याची यादी डॉक्टरांच्या हातात द्या. नुकत्याच व्यालेल्या आणि स्टिरॉइड दिलेल्या जनावराच्या कातडीचं उत्तर दबतं.

कडबाकुट्टी

दोन इंजेक्शनं कशाला पण? टीबी गाईचा आणि लस पक्ष्याची, हे कळलं नाही.

परखनळी

ती लस नाही. मेलेल्या जिवाणूंचं शुद्ध केलेलं प्रथिन आहे, त्याने रोग होत नाही. (मी पशुरोगनिदान प्रयोगशाळेत काम करते.)

दोन का, तर टीबीच्या जिवाणूला पुष्कळ भाऊबंद आहेत. मातीत, पाण्यात, शेणात निरुपद्रवी जाती असतात. शिवाय जोन्स रोगाचा (आतड्याचा, जुनाट हगवणीचा रोग) जिवाणू पक्षीय टीबीच्या जवळचा. यांच्या संपर्कात आलेल्या गाईची कातडीही गोवंशीय ट्युबरक्युलिनला थोडी सुजते. एकच इंजेक्शन दिलं असतं तर ती निरोगी गाय टीबीची ठरली असती. दोन्ही दिल्यावर कातडीच सांगते की ओळख कोणाशी जास्त आहे. आपल्या राज्यात जोन्सही आहे, म्हणून मी नेहमी म्हणते, एकेरी चाचणीवर गाईचं भवितव्य ठरवू नका.

माळरानदादा, रक्ताचं विचारलंत. दोन वेगळ्या तपासण्या आहेत आणि लोक दोन्हींना 'ब्लड टेस्ट' म्हणतात.

एक इंटरफेरॉन गॅमा. हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) नळीत रक्त घेतात, प्रयोगशाळेत त्यातल्या जिवंत पेशींना रात्रभर ट्युबरक्युलिनबरोबर ठेवतात आणि जिवाणूची ओळख पटून त्यांनी इंटरफेरॉन हे प्रथिन सोडलं का ते मोजतात. ही पद्धत ऑस्ट्रेलियात निघाली. कातडीच्या चाचणीत अजून न दिसणारी, सुरुवातीच्या टप्प्यातली जनावरंही हिच्यात सापडतात. पण पेशी जिवंत पोचायला हव्यात. बर्फात घातलेलं किंवा दुसऱ्या दिवशी दुपारी एसटीने आलेलं रक्त आमच्या उपयोगाचं नसतं. नमुना घ्यायच्या आधी प्रयोगशाळेला फोन करून सोय आहे का आणि कुठल्या दिवशी घेतील ते विचारा.

दुसरी एलायझा, म्हणजे रोगाविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं रक्तात शोधायची तपासणी. गाईमध्ये प्रतिपिंडं उशिरा बनतात, म्हणून सुरुवातीच्या आजारात ही बहुतेक निगेटिव्ह येते. तिचा उपयोग उलट टोकाला आहे. रोग खूप पसरलेली, खंगलेली गाय कधीकधी कातडीच्या चाचणीला अजिबात दाद देत नाही. तिचं शरीर थकलेलं असतं. तशी गाय एलायझात सापडते. कातडीच्या चाचणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी रक्त घेतलं तर आणखी चांगली सापडते.

दुधाचं पीसीआर (जिवाणूचा जनुकीय अंश शोधायची तपासणी) करता येतं, पण जिवाणू दुधात रोज येत नाहीत. आज निगेटिव्ह आलं याचा अर्थ आजच्या नमुन्यात नव्हते, एवढाच.

माळरान

ताई, डॉक्टरसाहेब, तुमचे दोन्ही प्रतिसाद छापून गोठ्यात लावलेत. परवा तपासणी ठरली आहे.

आईला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं. तिच्या मानेला डाव्या बाजूला एक गाठ आहे, दुखत नाही म्हणून तिने कधी सांगितलं नव्हतं. सुईने नमुना घेतलाय.

जुनापशुवैद्य

माळरान, आईंच्या डॉक्टरांना गाईचं सांगितलंत का? सांगितलं नसेल तर आजच सांगा. कच्च्या दुधातून होणारा टीबी फुफ्फुसात न होता पुष्कळदा मानेच्या गाठींत, पोटात होतो. जुनी माणसं गंडमाळा म्हणायची. दुसरं असं की, मायकोबॅक्टेरियम बोव्हिस या गोवंशीय जिवाणूवर पायराझिनामाइड हे नेहमीच्या चार औषधांपैकी एक औषध मुळातच चालत नाही. म्हणून गाठीच्या नमुन्याचं कल्चर आणि जात ओळखणं महत्त्वाचं. तपासणी आणि औषधं राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात मोफत आहेत. घरातल्या सगळ्यांची आणि गोठ्यावरच्या गड्याचीही करून घ्या. त्यालाच दोष देतोय असं त्याला वाटू देऊ नका, प्रेमाने घेऊन जा. माणसाचा टीबीही गाईला होतो, वाट दोन्हीकडून आहे.

दूध उकळून घ्या. एक पूर्ण उकळी पुरे. पाश्चरीकरण ६३ अंशाला अर्धा तास किंवा ७२ अंशाला १५ सेकंद असतं, उकळी त्याच्या वरच जाते. तपासणी होईपर्यंत घरगुती रतीब थांबवा, आणि दूध जिथे घालता तिथे कळवा.

परखनळी

जात ओळखण्यावरून एक जोडते, कारण यावर आम्हीही अजून शिकतो आहोत. २०२० मध्ये वेल्लोरच्या रुग्णालयातल्या माणसांच्या ९४० नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बोव्हिस सापडला नाही, सापडला तो मायकोबॅक्टेरियम ओरिजिस, ७ नमुन्यांत. हाही त्याच कुटुंबातला, आणि भारतातल्या गाईंमध्येही मिळाला आहे. म्हणजे 'बोव्हिस निगेटिव्ह' असा कागद आला तरी 'जनावराचा टीबी नाही' असं त्यावरून म्हणता येत नाही. तुमच्या गाईच्या कल्चरचा अहवाल आला की टीबीच्या जिवाणूंच्या संपूर्ण समूहाची तपासणी झाली आहे की फक्त बोव्हिसची, एवढं विचारा. कल्चरला दोन महिने धरून चला, हे जिवाणू फार सावकाश वाढतात.

हिरवंबेट

मी मूळचा सांगलीकडचा, सध्या आयर्लंडमध्ये एका डेअरी फार्मवर कामाला आहे. इथे दरवर्षी प्रत्येक कळपाची हीच दोन इंजेक्शनांची चाचणी होते. सोमवारी टोचायला येतात, गुरुवारी वाचायला. गुरुवारी सकाळी मालक चहा अर्धा टाकून उठतो आणि डॉक्टरच्या मागेमागे हातात वही घेऊन फिरतो. एक जरी जनावर निघालं तरी कळप बंद, कत्तलखान्याशिवाय कुठे हलवता येत नाही. निघालेलं जनावर सरकार भरपाई देऊन नेतं. मग ६० दिवसांच्या अंतराने लागोपाठ दोन चाचण्या स्वच्छ आल्या की दार उघडतं. हे १९५४ पासून चाललंय आणि तरी इथला टीबी संपलेला नाही, कारण बॅजर नावाच्या रानटी प्राण्यातही तो आहे. ऑस्ट्रेलियाने १९७० मध्ये मोहीम हाती घेतली आणि १९९७ ला देश मुक्त जाहीर केला.

माळरानभाऊ, एकदा तपासून थांबू नका. पहिल्या चाचणीत स्वच्छ आलेली दुसऱ्या चाचणीत निघताना मी डोळ्यांनी पाहिली आहे.

सोनचाफा

देशी गाय पाळा म्हणून आम्ही किती वर्षं सांगतोय. देशीला टीबी होत नाही.

जुनापशुवैद्य

होतो. संकरित जनावरांत आणि दाटीच्या गोठ्यात प्रमाण जास्त दिसतं हे खरं, पण देशी गाईच्या फुफ्फुसातल्या गाठी मी स्वतःच्या हाताने कापल्या आहेत. म्हशींनाही होतो. या समजुतीपायी देशी गोठे तपासलेच जात नाहीत, याचं मला दुःख आहे. २०१८ मध्ये भारतातल्या सगळ्या जुन्या अभ्यासांची एकत्र मांडणी प्रसिद्ध झाली. तिच्यात गोवंशातलं प्रमाण ७.३ टक्के निघालं, म्हणजे अंदाजे २ कोटी १८ लाख जनावरं. यात कोणाची गाय श्रेष्ठ हा प्रश्नच नाही.

माळरान

आज निकाल वाचला. सकाळी सहाला डॉक्टर आले. वही माझ्या मुलीने धरली होती, आठवीत आहे, तिने आकडे लिहिले. तसेच देतो.

४ बाधित, ३ संशयित, ११ निगेटिव्ह.

बाधितांपैकी तीन गाई मेलेल्या गाईच्या शेजारच्या. एकाच गव्हाणीत तोंड घालायच्या. ७ नंबरची खालची जागा ८ वरून १९ झाली, वरची ८ वरून साडेदहा. फरक साडेआठ. हात लावला तर गरम, आणि तिने मान झटकली. ही माझी सगळ्यात चांगली गाय, २२ लिटरची, खोकला कधी ऐकला नाही. कोणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता.

३ नंबरची वेगळीच. खाली ४ ने वाढली, वर ५ ने. एका म्हशीची खाली ९ वरून साडेबारा आणि वर ९ वरून १०, म्हणजे अडीच. आणि ११ नंबर, जिच्यावर माझा सगळा संशय होता, हाडं निघालेली, पहाटे खोकणारी, तिची वाढ दोन्हीकडे अर्धा मिलिमीटर. डॉक्टर म्हणाले हिच्यावर विश्वास ठेवू नका.

परखनळी

अगदी बरोबर म्हणाले. ११ नंबर वेगळीच बांधा, बाधित समजून. तीन आठवड्यांनी एलायझासाठी रक्त पाठवा. ३ नंबर टीबीला निगेटिव्ह, पण तिचं शेण जोन्ससाठी पाठवा. अधूनमधून पातळ शेण टाकते का? म्हैस अडीचला आहे, तुमच्या गोठ्यात तिला संशयित न म्हणता बाधितांत बांधा.

मुलीला शाबासकी. आकडे आधीचे आणि नंतरचे दोन्ही लिहिलेत. आमच्याकडे नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहिलेले कागद येतात, त्यातून काही कळत नाही.

कडबाकुट्टी

माणसाची टीबीची गोळी सहा महिने दिली तर बरी होणार नाही का २२ लिटरची गाय? आमच्या भागात एकाने दिली होती म्हणतात.

जुनापशुवैद्य

नको. कळकळीने सांगतो, नको. गाय पूर्ण बरी झाली हे सिद्ध करायला आपल्याकडे साधन नाही. खोकला थांबतो, अंग भरतं, आणि जिवाणू गाठीत बसून राहतो. ती औषधं दुधात उतरतात. आणि अर्धवट औषधाने जो जिवाणू तगतो तो औषधाला दाद न देणारा असतो, आणि तो कोणाच्या तरी पोरापर्यंत जातो.

माळरान

काल एक व्यापारी येऊन गेला. चारही गाईंचे पैसे रोख देतो म्हणाला, तपासणीचं कोणाला सांगायचं नाही एवढंच. बँकेचा हप्ता दर महिन्याला आहे, आणि तो आकडा मोठा होता. माझी गाय पण अशीच कोणाच्या तरी दावणीतून बाजारात आली होती. नाही म्हणालो.

पण आता या चार, संशयित तीन आणि ११ नंबर, अशा आठ जनावरांना घेऊन मी काय करू? कत्तल कायद्यात बसत नाही. गोशाळेत द्यावं का?

जुनापशुवैद्य

नाही म्हणालात, तुमचे पाय धरावेसे वाटतात.

गाईंची कत्तल महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यापासून बंद आहे, २०१५ च्या दुरुस्तीत बैल आणि वळूही आले. त्यामुळे बाहेर जसं चाचणी करून काढून टाकतात तसं आपल्याकडे करता येत नाही, आणि तशी भरपाईही नाही. हा भार एकट्या शेतकऱ्याच्या डोक्यावर पडतो. मी नोकरीत असल्यापासून हे बोलत आलोय. गोशाळेत न सांगता देऊ नका. तिथे जनावरं म्हातारी होईपर्यंत एकत्र राहतात, एक आजारी गाय सगळ्यांना देते. सांगून दिली आणि त्यांच्याकडे खरंच वेगळा गोठा असेल तर गोष्ट वेगळी.

२००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यात हा रोग येतो, तेव्हा डॉक्टरांकडून लेखी कळवलं जाऊ द्या. तुमच्या बाजूने कागद राहील.

आठही जनावरं शेताच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बांधा. पाण्याचा हौद, बादली, गव्हाण, झाडू सगळं वेगळं. काम करणारा आधी निरोगी गोठ्यात जाईल, मग तिकडे, उलट कधीही नाही. त्यांचं दूध वासरांना कच्चं नको. नवी वासरं जन्मताच वेगळी करून निरोगी गाईचा चीक पाजा. जुन्या गोठ्याचं छप्पर काही दिवस उघडता आलं तर उघडा. ऊन या जिवाणूला सोसत नाही, सावलीतल्या ओल्या शेणात मात्र तो महिनोन्महिने राहतो. फरशीला फिनॉलचं जंतुनाशक वापरा, नुसत्या चुन्यावर भागवू नका.

उरलेल्या दहांची चाचणी ६० दिवसांनी. आधी केली तर मागच्या इंजेक्शनामुळे कातडी मंदावलेली असते.

हिरवंबेट

भाऊ, कॅलिपर डॉक्टरांचा होता की तुमचा? तोच पुढच्या वेळी असू द्या.

माळरान

डॉक्टरांचाच. मी पण एक मागवलाय, मुलगी रोज कालवडींच्या कातडीची घडी धरून मोजायची सवय करते आहे. तीन वेळा मोजलं की अजून तीन आकडे येतात, डॉक्टर म्हणाले तेच एक येईपर्यंत मोज.

काल बांधावरचं शेड पूर्ण झालं. ७ नंबरला तिकडे नेताना ती दोनदा मागे वळून जुन्या जागेकडे बघत थांबली. रात्री जाऊन तिच्याजवळ बसून आलो, पण बूट बदलून आणि शेवटी.

आईच्या गाठीच्या नमुन्यात टीबी निघाला. औषधं सुरू झाली, कल्चरही लावलंय, आणि गाईचं सगळं त्यांनी कागदावर लिहून घेतलं. आई काल चुलीपुढे बसून दुधाला उकळी येईपर्यंत हलली नाही, वर आल्यावर पातेलं उतरवून मला हाक मारून दाखवलं.

पुढची चाचणी ६० दिवसांनी, सोमवारी टोचायचं, गुरुवारी वाचायचं. त्या गुरुवारी इथेच आकडे देईन.